कायद्याने पुसलेले आडनाव

इंग्लंडची राणी एलिझाबेथ २४ मार्च १६०३ रोजी वारली आणि स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स तिच्या गादीचा वारस ठरला. ५ एप्रिलला त्याने लंडनच्या वाटेने एडिंबरा सोडले. त्याच्या दोन दिवस आधी, ३ एप्रिलच्या रविवारी, सेंट जाइल्सच्या चर्चमध्ये त्याने प्रजेचा निरोप घेतला. त्याच तारखेला त्याच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, एक हुकूम काढला. मॅकग्रेगर हे आडनाव यापुढे स्कॉटलंडात राहणार नाही, ज्यांचे ते असेल त्यांनी दुसरे घ्यावे, जो घेणार नाही त्याला देहदंड.

पुढची १७१ वर्षे, मधला ३२ वर्षांचा काळ सोडला तर, हे आडनाव बेकायदा होते. त्या काळातले करारनामे, चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तके किंवा जमिनींचे दस्त चाळले तर मॅकग्रेगर हे स्कॉटलंडमधले सर्वांत दुर्मीळ आडनाव वाटेल. प्रत्यक्षात ती माणसे मध्य स्कॉटलंडच्या डोंगरांत शेकड्यांनी राहत होती, लग्ने करत होती, गुरे पाळत होती आणि चोरतही होती. कागदावर मात्र ती कॅम्बेल, ड्रमंड, मरे, ग्रॅहम, स्टुअर्ट, ग्रांट अशी दिसत होती. एका आडनावाचा भूगोल असा का विस्कटला, याचे मूळ जमिनीत आहे.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात, म्हणजे हायलँड्समध्ये, समाज क्लॅनांत विभागलेला होता. क्लॅन म्हणजे आपल्याकडच्या भावकीसारखी रचना. एक मूळपुरुष, एक प्रमुख, आणि रक्ताच्या किंवा मानलेल्या नात्याने त्याच्याभोवती बांधलेली माणसे. मॅकग्रेगर स्वतःला नवव्या शतकातल्या केनेथ मॅकाल्पिन राजाच्या वंशाचे म्हणवत. त्याला आधार नाही. चौदाव्या शतकात ग्रेगर नावाचा एक पुरुष होऊन गेला आणि त्याच्यापासून हे घराणे मोजता येते, एवढे मानण्यासारखे आहे. ग्लेनॉर्की, ग्लेनस्ट्रे, ग्लेन लायन, रॅनॉख, बल्विडर या दऱ्याखोऱ्यांत त्यांची वस्ती होती.

त्यांना नुसते गुरेचोर समजणे चूक आहे. स्कॉटलंडमधील गेलिक कवितेचा सर्वांत मोलाचा जुना संग्रह, लिझमोरच्या डीनचे पुस्तक, सोळाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात फोर्टिंगल गावी याच क्लॅनच्या जेम्स मॅकग्रेगर नावाच्या धर्माधिकाऱ्याने आणि त्याच्या भावाने लिहून काढला. तो नसता तर त्या भाषेतल्या कितीतरी कविता आज नावानेही उरल्या नसत्या.

त्यांची अडचण एकच होती. वहिवाट त्यांची होती, सनद दुसऱ्याची. रॉबर्ट ब्रूसच्या काळापासून लॉख ऑ सरोवराच्या परिसरावर कॅम्बेल घराण्याचा कागदोपत्री हक्क बसत गेला. कॅम्बेल कायदा जाणणारे, दरबारात वजन असलेले लोक होते. जिथे मॅकग्रेगर पिढ्यान् पिढ्या राहत होते ती जमीन एकेक करून कॅम्बेलांच्या नावावर चढली आणि जुने रहिवासी त्यांची कुळे बनले. काही काळ हे नाते गोडीचे होते. ग्लेनॉर्कीच्या कॅम्बेलांना लढवय्ये लागत आणि ते मॅकग्रेगर पुरवत.

ही गोडी सोळाव्या शतकाच्या मध्याला संपली. १५५६ मध्ये ग्लेनस्ट्रेवरचा वरिष्ठ हक्क ग्लेनॉर्कीच्या कॉलिन कॅम्बेलने मिळवला. ग्लेनस्ट्रेचा तरुण वारस ग्रेगर रॉय वयात आला तेव्हा कॉलिनने त्याचा वारसाहक्क मान्य करायला नकार दिला. प्रमुखच आपल्या जमिनीला मुकला. १५६२ पासून आठ वर्षे दोन्हीकडून जाळपोळ आणि खून होत राहिले. ग्रेगर रॉयची बायको स्वतः कॅम्बेल होती, ग्लेन लायनच्या डंकन कॅम्बेलची मुलगी मॅरियन. तिच्या नवऱ्याचा शिरच्छेद ७ एप्रिल १५७० रोजी तिच्याच भावकीने केला. तिच्या तोंडी असलेला गेलिक विलाप स्कॉटलंडात आजही गायला जातो.

दुसरीकडे राज्यकारभार बदलत होता. जेम्सला डोंगराळ मुलखावर कायद्याची पकड हवी होती. १५८७ च्या कायद्याने त्याने प्रत्येक जमीनदाराला आणि प्रमुखाला आपापल्या माणसांच्या वर्तणुकीची हमी द्यायला लावली. कुळाने दरोडा घातला की भरपाई मालकाकडून. ज्या क्लॅनची माणसे आपल्याच प्रमुखाच्या जमिनीवर राहत, तिथे ही व्यवस्था चालली. मॅकग्रेगरांचे तसे नव्हते. ती दहा मालकांच्या जमिनींवर विखुरलेली होती. मालकाला ती आपली वाटत नसत आणि प्रमुखापाशी त्यांच्यावर अंमल चालवायला जमीन नव्हती. त्यांच्यासाठी कोण जबाबदार, या प्रश्नाला उत्तरच नव्हते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली इथे आहे. राज्याला जे लोक आपल्या वहीत बसवता आले नाहीत, त्यांचे नावच वहीतून काढून टाकायचे त्याने ठरवले.

तसे करायला निमित्तेही मिळाली, आणि ती क्षुल्लक नव्हती. १५८९ मध्ये डेन्मार्कची अ‍ॅन राणी होऊन येणार होती. मेजवानीसाठी हरणाचे मांस आणायला गेलेला राजाचा वनरक्षक जॉन ड्रमंड ग्लेनआर्टनीच्या रानात मारला गेला. त्याचे शिर कापून नेण्यात आले. कौन्सिलच्या नोंदीप्रमाणे, नंतरच्या रविवारी बल्विडरच्या चर्चमध्ये क्लॅनची माणसे जमली, प्रमुखासह सर्वांनी त्या शिरावर हात ठेवले आणि खुन्यांना पाठीशी घालण्याची शपथ घेतली. मारेकरी मॅकग्रेगर नव्हतेच अशीही एक परंपरा आहे. पण शपथेनंतर त्या भेदाला अर्थ उरला नाही, गुन्हा सगळ्यांचा झाला.

डिसेंबर १६०२ मध्ये लॉख लोमंडजवळच्या ग्लेन फिनलस खोऱ्यात लसच्या कोहून घराण्याच्या वाड्यावस्त्यांवर मॅकग्रेगरांनी धाड घातली. जखमींच्या आणि मृतांच्या घरच्या बाया रक्ताने माखलेले सदरे घेऊन स्टर्लिंगला राजासमोर उभ्या राहिल्या. त्या दृश्याने जेम्स हलला आणि त्याने कोहूनला शस्त्रे धरून पाठलाग करण्याची परवानगी दिली. ७ फेब्रुवारी १६०३ रोजी दोन्ही बाजू ग्लेन फ्रूनच्या अरुंद खोऱ्यात भिडल्या. मॅकग्रेगरांनी पुढून आणि मागून कोंडी केली. त्यांच्याविरुद्धच्या आरोपपत्रात १४० माणसे मारल्याचा, ६०० गुरे, ८०० शेळ्यामेंढ्या आणि २८० घोडे पळवल्याचा उल्लेख आहे. आठ आठवड्यांनी आडनावबंदीचा हुकूम निघाला.

जेम्सला ही कल्पना नवी नव्हती. तीनच वर्षांपूर्वी, १६०० मध्ये, गाउरीच्या अर्लने आपल्याला मारण्याचा कट केला असे म्हणून त्याने त्या घराण्याचे रुथव्हन हे आडनाव संसदेकडून रद्द करवले होते. पण रुथव्हन हे मूठभर उमरावांचे घर होते. एका सबंध भावकीवर, त्यातल्या कुणब्या-गुराख्यांवर आणि तान्ह्या मुलांवर तोच उपाय करणे ही वेगळी गोष्ट होती.

प्रमुख अ‍ॅलस्टर मॅकग्रेगर महिनोन्महिने डोंगरात फिरत राहिला. शेवटी अर्गाइलचा सातवा अर्ल आर्चिबाल्ड कॅम्बेल याने त्याला शब्द दिला की तो स्वाधीन झाला तर त्याला सुखरूप इंग्लंडच्या भूमीवर पोचवू. अर्लने शब्दाला अक्षरशः जागून त्याला बेरिक येथे सीमेपलीकडे नेले आणि तिथूनच परत फिरवून एडिंबराला आणले. रॉबर्ट बिरेल या एडिंबराच्या रहिवाशाने आपल्या रोजनिशीत या कपटाची नोंद केली आहे. २० जानेवारी १६०४ रोजी अ‍ॅलस्टरला साथीदारांसह फाशी दिले, त्याला इतरांपेक्षा उंच टांगून. मरणापूर्वी दिलेल्या लेखी जबाबात त्याने म्हटले की शेजाऱ्यांवरच्या धाडींना चिथावणी खुद्द अर्गाइलचीच होती. तो जबाब उपलब्ध आहे. मरणाच्या दारातला माणूस सूड म्हणूनही असे लिहील हे खरे. पण डोंगराळ भागातल्या अशांततेवर अर्गाइलचे महत्त्व पोसले जात होते, हेही तितकेच खरे.

त्यानंतरची दहा वर्षे सर्वांत काळी होती. १६११ मध्ये मॅकग्रेगरांच्या शिरांवर बक्षिसे लागली. त्यांच्यातल्याच एखाद्याने आपल्या तोलाच्या दुसऱ्या मॅकग्रेगरला मारले तर त्याला माफी मिळेल असेही जाहीर झाले. त्यांना आसरा देणाऱ्यांवर जबर दंड बसवले आणि त्या दंडाच्या रकमेत अर्गाइलचा वाटा ठरला. १६१३ मध्ये आणखी एक हुकूम आला. पूर्वी मॅकग्रेगर असलेल्यांनी जेवणातले मांस कापायच्या बोथट टोकाच्या सुरीखेरीज कोणतेही हत्यार बाळगू नये आणि चारांपेक्षा अधिक जणांनी एकत्र जमू नये. चारजणांच्या या मर्यादेत प्रेताला खांदा द्यायलाही जेमतेम माणसे मिळाली असती. १६३३ च्या संसदेने राहिलेली फट बुजवली. कोणत्याही पाद्र्याने त्या नावाने बाप्तिस्मा करू नये, कोणत्याही कारकुनाने त्या नावाने दस्त लिहू नये.

मग लोकांनी कोणती आडनावे घेतली? इथून आडनावाच्या भूगोलाला खरी सुरुवात होते. निवड मनमानी नव्हती, ती बहुतेक वेळा जमीनमालक बघून झाली. ज्याच्या जमिनीवर राहायचे, ज्याच्या संरक्षणाची गरज, त्याचे आडनाव. बल्हाल्डीची शाखा ड्रमंड झाली. ग्लेनकार्नॉकची मरे झाली. लॉख कॅट्रीनच्या काठच्या ग्लेनगाइल शाखेत तर आडनाव पिढीगणिक बदलले. काकाने सही करताना कॅम्बेल लिहिले, पुतण्याने जेम्स ग्रॅहम हे नाव घेतले, कारण आता शेजारचा बलिष्ठ मालक माँट्रोझचा ग्रॅहम होता. घरात आणि गेलिक बोलीत मात्र सगळे मॅकग्रेगरच राहिले. तिथे माणूस कोणाचा मुलगा, कोणाचा नातू यावरूनच ओळखला जाई, आणि त्या ओळखीपर्यंत एडिंबराच्या कारकुनाचा हात पोचत नव्हता.

काहींनी मूळ नावाचीच मोडतोड करून कायद्याच्या कचाट्यातून वाट काढली. ग्रेगर, ग्रेगरी, ग्रेग अशी नावे ईशान्येकडे, अ‍ॅबर्डीनच्या बाजूला दिसतात. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने नोंदवले आहे की १६२४ मध्ये मरेच्या अर्लने मेंटीथमधून सुमारे ३०० मॅकग्रेगरांना आपल्या वैऱ्यांशी लढायला उत्तरेकडे नेले. त्यातले काही तिथेच राहिले असणार. अ‍ॅबर्डीनशायरच्या ग्रेगरी घराण्यात आपण मूळचे मॅकग्रेगर अशी पक्की समजूत होती. त्या घराण्यातला जेम्स ग्रेगरी (१६३८–१६७५) हा परावर्ती दुर्बिणीचा आराखडा मांडणारा गणिती, १६६३ च्या त्याच्या पुस्तकाने तो प्रसिद्ध झाला. पुतण्या डेव्हिड ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला, आणि पुढच्या पिढ्यांनी एडिंबराला नामांकित वैद्य दिले.

स्कॉटने सांगितलेली एक हकिकत इथे द्यायलाच हवी. १७१५ च्या सुमारास रॉब रॉय मॅकग्रेगर हा बंडखोर अ‍ॅबर्डीनला आला आणि नातेवाईक म्हणून एका ग्रेगरी प्राध्यापकाच्या घरी उतरला. पाहुणचाराने तो इतका खूश झाला की परतफेड म्हणून त्याने प्राध्यापकाच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला डोंगरात नेऊन मर्द बनवण्याची तयारी दाखवली. प्राध्यापकाने मुलाच्या नाजूक प्रकृतीचे कारण सांगून कशीबशी सुटका करून घेतली. एकाच भावकीतले दोघे, एक विद्यापीठात, दुसरा फरारी. बंदीने माणसे किती दूर फेकली आणि नाते तरी किती घट्ट राहिले, हे या प्रसंगात दिसते.

दरम्यान राजकारणाचे वारे फिरले होते. १६४० च्या दशकातल्या यादवीत मॅकग्रेगर माँट्रोझच्या मार्क्विसबरोबर राजाच्या बाजूने लढले. त्याची आठवण ठेवून दुसऱ्या चार्ल्सने १६६१ मध्ये बंदी उठवली. ३२ वर्षे त्यांना आपले नाव उघड लिहिता आले. १६९३ मध्ये तिसऱ्या विल्यमच्या राज्यात बंदी पुन्हा लागू झाली. पदच्युत स्टुअर्ट राजाकडे कल असलेल्यांना ती शिक्षा होती.

रॉब रॉयचे आयुष्य याच दोन कायद्यांच्या मधून गेले. १६७१ मध्ये ग्लेनगाइलला जन्मला तेव्हा त्याचे नाव कायदेशीर होते. तो बावीस वर्षांचा असताना ते गुन्हा ठरले आणि तो आईच्या माहेरचे कॅम्बेल नाव लावू लागला. गुरांच्या व्यापारासाठी घेतलेले माँट्रोझच्या ड्यूकचे पैसे बुडाले, तो फरारी जाहीर झाला, घरदार गेले. पदच्युत स्टुअर्टांना गादी परत मिळवून देण्यासाठी झालेल्या १७१५ च्या बंडात क्लॅन त्यांच्या बाजूने होता. १७१७ मध्ये संसदेने बंडखोरांना सार्वत्रिक माफी दिली आणि तीतून मॅकग्रेगर नावाच्या सर्व माणसांना वगळले. जे नाव अस्तित्वातच नाही असे कायदा एकूण ऐंशीहून अधिक वर्षे सांगत होता, ते त्याला शिक्षेसाठी स्वतःच लिहावे लागले. बंदी फसल्याचा यापेक्षा स्पष्ट कबुलीजबाब मला दिसत नाही. रॉब रॉय १७३४ मध्ये बल्विडरला अंथरुणावर मेला. १७४५ च्या शेवटच्या बंडातही क्लॅन लढला आणि कलोडनच्या पराभवाबरोबर सगळ्या डोंगराळ मुलखासारखा चिरडला गेला.

बंदी अखेर उठली ती १७७४ मध्ये, ब्रिटिश संसदेच्या कायद्याने. उदारपणा हे त्याचे एकमेव कारण नव्हते. कलोडननंतर हायलँड्सची भीती संपली होती आणि साम्राज्याला तिथले शिपाई हवे होते. सप्तवार्षिक युद्धात डोंगराळ पलटणींनी नाव कमावले होते. बंडखोरांच्या जप्त जहागिऱ्याही पुढच्या दहा वर्षांत परत झाल्या.

नाव मोकळे झाले, पण प्रमुख कोण? ८२६ मॅकग्रेगरांनी सह्या करून ग्लेनकार्नॉक शाखेच्या जॉन मरेला प्रमुख मानले. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या सैन्यात अधिकारी होता आणि हिंदुस्थानात मिळवलेल्या पैशावरच त्याने लॅनरिकची जमीन घेतली. १७९५ मध्ये तो बॅरोनेट झाला. त्याचा मुलगा इव्हान मॅकग्रेगर मरे लष्करात शिरला, आणि त्याची गाठ महाराष्ट्राशी पडली.

महिदपूरच्या लढाईनंतर मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेश इंग्रजांना दिला. तापीकाठच्या थाळनेरच्या किल्लेदाराने मात्र किल्ला सोडला नाही. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर टॉमस हिस्लॉपच्या फौजेने हल्ला केला. बोलणी चालू असल्याच्या गोंधळात काही इंग्रज अधिकारी आतल्या दिंडीतून शिरले, झटापट झाली, त्यांतले काही मारले गेले आणि लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे गंभीर जखमी झाला. फौजेने त्यानंतर सुमारे ३०० जणांची शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिले. त्यावरून हिस्लॉपवर लंडनच्या संसदेतही टीका झाली. ज्या घराण्याच्या प्रमुखाला दोनशे वर्षांपूर्वी दगाबाजीने फासावर चढवले होते, त्याच घराण्यातला माणूस आता फाशी देणाऱ्या फौजेत होता. हे मला या इतिहासातले सर्वांत दुःखद पान वाटते.

१८२२ मध्ये इव्हानने राजपरवानगीने मरे नाव मागे सारून मॅकग्रेगर हे नाव पुन्हा अधिकृतपणे घेतले. त्याच ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला. स्कॉटने आखलेल्या त्या समारंभात स्कॉटलंडचा राजमुकुट किल्ल्यातून राजवाड्यात नेताना पहाऱ्याचा मान मॅकग्रेगरांना मिळाला. जॉर्ज हा जेम्सचाच वंशज होता. स्कॉटच्या १८१७ च्या ‘रॉब रॉय’ कादंबरीने हे नाव तोवर युरोपभर नेले होते.

आज मॅकग्रेगर दुर्मीळ नाही. पर्थशायर आणि स्टर्लिंगच्या बाजूला ते जुन्या ठिकाणी आढळते. कारखानदारीच्या काळात ते ग्लासगोला आले. त्याहून जास्त ते समुद्रापार गेले. बंदी उठून बारा वर्षे झाली होती तेव्हा, १७८६ मध्ये, पर्थशायरचा जेम्स मॅकग्रेगर हा गेलिक बोलणारा पाद्री कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात पिक्टूला पोचला आणि गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या तिथल्या पहिल्या काही लोकांत गणला गेला. ग्रेग नावाची वाट नॉर्वेपर्यंत जाते. अ‍ॅबर्डीनशायरच्या केर्नबल्गचा अलेक्झांडर ग्रेग अठराव्या शतकात बर्गनला व्यापारासाठी गेला, तिथे ग्रीग झाला, आणि त्याचा पणतू म्हणजे संगीतकार एडवर्ड ग्रीग. त्या घराण्यातही मॅकग्रेगर मुळाची समजूत होती.

सगळेच परत आले नाहीत. १७७४ पर्यंत पाच-सहा पिढ्या मरे किंवा ड्रमंड म्हणून वाढल्या होत्या, आणि अनेकांनी तेच नाव ठेवले. आता पुरुषांच्या वाय-गुणसूत्राच्या तपासणीत वेगवेगळ्या आडनावांची माणसे मॅकग्रेगर रक्ताची निघतात. म्हणून या आडनावाचा शोध घेणाऱ्याने १६०३ ते १७७४ या काळात मॅकग्रेगर हा शब्द शोधत बसू नये. गाव शोधावे, मग तिथला जमीनदार कोण होता ते बघावे, आणि त्याच्या आडनावाखाली आपली माणसे धुंडाळावीत.

जमिनीचा हिशेब मात्र कधीच पुरा झाला नाही. ग्लेनॉर्कीचे कॅम्बेल १६८१ मध्ये ब्रेडलबेनचे अर्ल झाले आणि विसाव्या शतकापर्यंत त्या मुलखातले सर्वांत मोठे जमीनदार राहिले. संसदेने मॅकग्रेगरांना १७७४ मध्ये त्यांचे नाव परत दिले, ज्या खोऱ्यांवरून भांडण सुरू झाले त्यांतली एक एकरही दिली नाही.